ऊसतोडीची कादंबरी, पाचशे प्रती आणि फडावर गेलेला वाचक : आमच्या छोट्या प्रकाशनातलं एक प्रकरण

आमचं प्रकाशन म्हणजे नगरमधली एक खोली, एक कॉम्प्युटर, भिंतीला लावलेले लोखंडी रॅक, आणि आम्ही दोघं. मी आणि काका. काका माझे कुणी सख्खे नाहीत, आयुष्यभर प्रेसमध्ये खिळे जुळवले, ऑफसेट आल्यावर प्रूफं तपासायला लागले, आणि आता सत्तरीत आमच्याकडे बसतात. वर्षाला तीन, फार तर चार पुस्तकं काढतो आम्ही आणि त्यातली बहुतेक पहिल्यांदा लिहिणाऱ्यांची असतात. २०२४ च्या शेवटी अशी तीन पुस्तकं आली. एक नर्सताईंच्या कविता, एक निवृत्त एसटी ड्रायव्हरचं आत्मकथन, आणि एक कादंबरी, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकाची, ज्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि तोही दहावीपर्यंत त्यांच्याबरोबर फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या रानात, कोपीवर (झोपडीत) राहिलेला. हे सगळं लिहितेय ते मुख्यतः या कादंबरीबद्दल. ती पहिल्यांदा पडली, मग उठली, आणि का पडली हे कळायला मला दोन-अडीच महिने लागले म्हणून. नवीन लेखकांची पुस्तकं काढणाऱ्या कुणालातरी उपयोग होईल म्हणून आकडे पण देतेय, लपवायचं काही नाही.

हस्तलिखित आलं ते व्हॉट्सॲपवर. खरंच. एकेक प्रकरण मोबाईलवर टाइप करून पाठवलेलं, एकूण एकोणीस मेसेज. वाचायला बसले ती रात्री दोन वाजता उठले. त्यात एक प्रसंग आहे, आई उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते, आणि खाली मुलगा धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसलाय आणि मोजतोय, आई किती वेळा चढली. एवढंच. रडारड नाही, भाषण नाही. मी सकाळी काकांना म्हटलं हे करायचंच.

लेखकाला फोन केला तर पहिलं वाक्य काय, "ताई, किती पैशे भरावं लागतील?" त्याला आधी दोन ठिकाणांहून कोटेशन आलेलं होतं, एवढे भरा एवढ्या प्रती घ्या असं, आणि तो पतसंस्थेचं कर्ज काढायच्या बेतात होता. चाळीस हजार. मी नाही म्हटलं. हे काही मोठेपण म्हणून सांगत नाहीये, माझं मत असं की लेखकाकडून छपाईचे पैसे घेतले की प्रकाशकाची पुस्तक विकायची गरजच संपते. पैसे आलेले असतात, गठ्ठे लेखकाच्या घरी पोचतात, पलंगाखाली जातात, आणि मग तो माणूस दुसरं पुस्तक लिहीत नाही. नवीन लेखकांच्या घरात असे पलंग मी पुष्कळ पाहिलेत.

इथे एक गोष्ट मात्र राहून गेली आणि त्याची मला आजही चुटपुट आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्याचं पहिलं पुस्तक अजून आलेलं नाही त्याच्यासाठीच असते ती. आम्ही घाईत होतो, डिसेंबरात पुस्तक काढायचंच म्हणून अर्जाच्या वाटेला गेलोच नाही. आता नियम केलाय, पहिलं पुस्तक असेल तर आधी ते बघायचं, मग बाकीचं.

संपादनाला पाच महिने गेले आणि त्यातला मोठा भाग भाषेवर गेला. आम्ही आधी एका मुद्रितशोधकांना दिलं होतं, चांगले अनुभवी आहेत, पण त्यांनी संवादातलं सगळं "सुधारलं". पानी चं पाणी, हायेत चं आहेत, कोपी ला अवतरण चिन्ह आणि कंसात झोपडी. लेखकानं ती प्रूफं बघितली आणि दोन दिवस फोनच उचलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ताई, आई असं बोलत नाही. मग काकांनी एक वही घातली. संवादात लेखकाचं बोलणं जसंच्या तसं, निवेदनात त्यानं जिथे प्रमाण लिहिलंय तिथे प्रमाण, आणि एकच शब्द दोन पानांवर दोन तऱ्हेनं आला तर लेखकाला विचारायचं, आपण ठरवायचं नाही. फड, कोपी, टोळी, मुकादम, उचल, वाढं, पाचट, पट्टा पडणं यातल्या एकालाही तळटीप दिली नाही. मला वाटत होतं पुण्यामुंबईच्या वाचकाला कळणार नाही, निदान "एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी" एवढं तरी सांगूया, पण काका म्हणाले की दहा पानं वाचल्यावर कळतं, आणि दहा पानं वाचणार नसेल त्याला तळटीप देऊन काय उपयोग. बरोबर होतं त्यांचं.

टायपिंगची वेगळीच कथा. मोबाईलवरचं युनिकोड आमच्या डीटीपीवाल्याच्या (कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्याच्या) जुन्या फॉन्टमध्ये ओतलं तेव्हा तोडणाऱ्या, चढणाऱ्या, येणाऱ्या, हे सगळे "ऱ्या" फुटले. ऊसतोडीच्या कादंबरीत "तोडणाऱ्या" हा शब्द किती वेळा येत असेल विचार करा. प्रत्येक पान हाताने तपासावं लागलं. त्यानंतर आम्ही युनिकोडवरच पानं लावायला लागलो आणि हा त्रास गेला. ज्यांचा मजकूर मोबाईलवरून येतो (आणि आता सगळ्यांचाच येतो) त्यांनी जुन्या फॉन्टच्या नादी लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशाकडे येते. पुस्तक झालं १७६ पानांचं, डेमी आकार, म्हणजे सोळा पानी अकरा फर्मे. पाचशे प्रती ऑफसेटवर, सत्तर जीएसएम नॅचरल शेड कागद, छपाई बांधणी कागद धरून प्रतीला ८० रुपये, म्हणजे ४०,०००. अक्षरजुळणी पानाला ३५ प्रमाणे ६,१६०. मुद्रितशोधन पानाला २० प्रमाणे ३,५२०. मुखपृष्ठ ५,०००. एकूण ५४,६८०. प्रतीला पडले साधारण ११० रुपये. किंमत ठेवली २५०, लेखकाला छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे २५ रुपये मानधन.

वितरक पन्नास टक्के घेतो, म्हणजे आपल्या हातात १२५ येतात, त्यातून लेखकाचे २५ गेले, राहिले १००, आणि प्रत पडलीय ११० ला. म्हणजे दुकानातून विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे आपण दहा रुपये घालवतोय. पाचशेच्या आवृत्तीत हे असंच येतं, दोन हजार छापल्या तर प्रतीचा खर्च खाली येतो पण नवीन लेखकाच्या दोन हजार छापायची कुणाची छाती आहे. मग किंमत वाढव म्हणतात लोक. ती वाढवली की वाचक जातो. उलट तेच पुस्तक थेट वाचकाला वीस टक्के सवलतीत २०० ला दिलं, पोस्टाचा खर्च वेगळा घेतला, तर मानधन आणि खर्च वजा जाता ६५ राहतात. म्हणजे आमच्यासारख्यांचं पुस्तक जगतं ते थेट विकूनच, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण थेट म्हणजे कुणाला, याचा विचार मी केला नव्हता.

(जीएसटीचं पण सांगते कारण नवीन माणसाला कळत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, ऐकायला बरं वाटतं. पण कागदावर आहे, आणि पुस्तकावर कर नसल्यामुळे कागदावर भरलेल्याचा परतावा आपल्याला मिळत नाही, तो खर्चातच जातो. तेव्हा कागदावर १२ टक्के होता. सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला.)

८ डिसेंबर २०२४, रविवार, नगरमध्ये प्रकाशन झालं. साठेक माणसं आली. मान्यवर चांगलं बोलले, ऊसतोड कामगारांचं दुःख वगैरे, लेखक एका कडेला नवीन शर्ट घालून बसलेला, आणि त्याचे आईवडील नव्हते. मी विचारलं तर म्हणाला फडावर आहेत, कोल्हापूरकडं. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता. ३८ प्रती गेल्या त्या दिवशी. प्रकाशनपूर्व सवलतीत ७१ जणांनी आधी पैसे भरलेले होते. त्यांच्या पाकिटांपैकी ४६ रजिस्टर्ड बुकपोस्टनं गेली आणि १८ डिसेंबर २०२४ ला ती सेवाच बंद झाली, देशभर, त्यामुळे उरलेल्या पंचवीस पाकिटांना आम्हाला दुपटीहून जास्त खर्च आला आणि तो वाचकाकडून घेता येईना कारण आधीच ठरलेलं होतं. पुढे मे २०२५ मध्ये पोस्टाची पुस्तकांसाठीची ज्ञान पोस्ट सेवा सुरू झाली, तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. आमचं पुस्तक पॅकिंगसकट तीनशेच्या आत बसतं. नवीन पुस्तकाची पानं ठरवताना आता मी वजनाचा पण विचार करते, दोनशे पानांच्या वर गेलं की पुढचा टप्पा लागतो.

दोनशे प्रती एका वितरकाकडे दिल्या. मार्चमध्ये हिशेब आला, २३ विकल्या, बाकी परत. परत आलेल्यांत बऱ्याच प्रतींचे कोपरे दुमडलेले. म्हणजे मार्चअखेर आधी पैसे भरलेल्यांच्या ७१, प्रकाशनाच्या दिवशीच्या ३८ आणि वितरकाच्या २३, एकूण १३२ (फडावर विकलेल्या नऊ सोडून, त्यांचं पुढे सांगते). चाळीस प्रती परीक्षणं, भेट, आणि कायद्यानं द्यायच्या त्यात गेल्या.

कायद्याच्या प्रतींबद्दल थोडं थांबते, कारण मला ही गोष्ट फार आवडते आणि कितीतरी छोटे प्रकाशक ती करतच नाहीत. १९५४ चा कायदा आहे, पुस्तक निघालं की तीस दिवसांत चार ग्रंथालयांना स्वतःच्या खर्चानं एकेक प्रत पाठवायची. कोलकात्याची नॅशनल लायब्ररी, चेन्नईची कन्नेमरा, मुंबईत एशियाटिकच्या टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. आयएसबीएन सुद्धा फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, ऑनलाइन अर्ज करायचा. त्यासाठी लेखकाकडून पैसे घेणारे लोक आहेत, देऊ नका. कोलकात्याला पार्सल केलं त्याची पावती मी लेखकाला पाठवली, तर त्यानं ती फ्रेम करून घरात लावली. कोपीत जन्मलेल्या पोराचं पुस्तक देशाच्या ग्रंथालयात जपून ठेवलं जाणार, ही काही लहान गोष्ट नाही.

तर, १३२. हा आकडा यायच्या आधीच मी खचले होते. परीक्षणं दोन आली, दोन्ही चांगली. फेसबुकवर लोकांनी हृदयं पाठवली. पण पुस्तक हलेना. मी लेखकाला फोन केला फेब्रुवारीत, जरा चिडूनच, म्हटलं तुमच्या भागातून एकाही माणसाची मागणी नाही, शाळेतले शिक्षक सोडले तर गावातलं कुणी घेत नाही, असं कसं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, गावात हाये कोन? मान्सं सगळी फडात हायेत. गावात म्हातारी अन् लहान लेकरं."

म्हणजे ज्या लोकांचं पुस्तक होतं ते लोक जिल्ह्यातच नव्हते, आणि आम्ही नेमका तोच महिना निवडला होता. दसरा दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. हे त्या कादंबरीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. मी ती कादंबरी पाच वेळा वाचली होती, शब्दन् शब्द तपासला होता, आणि प्रकाशनाची तारीख ठरवताना संमेलन, नाताळच्या सुट्ट्या, पुण्यातली प्रदर्शनं एवढंच बघितलं. वाचक म्हणजे शहरातला, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं होतं की गावाकडचा वाचक हा मी धरलाच नव्हता. माझी चूक होती ही, वितरकाची नाही की फेसबुकची नाही.

दुसरी गोष्ट तर अजून लागली. फडावर जायला कोल्हापूरला जायची गरजच नव्हती. आमच्या नगर जिल्ह्यात केवढे कारखाने आहेत, पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरचा, इथलाच. आमच्या खोलीपासून दीड तासाच्या आत कोप्या होत्या, बीडच्याच लोकांच्या.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी, लेखक आणि काकांचा नातू असे तिघं एका संध्याकाळी गेलो. बरोबर तीस प्रती. कोप्यांच्या मध्ये एक बल्ब लोंबत होता, बाया भाकरी करत होत्या, पहाटे तीनला उठायचं असल्यामुळे कुणाला वेळ नव्हता आणि मला आपण इथे कशाला आलोय असं झालं. लेखकाला ओळखणारं एक घर निघालं, त्याच्या मावशीच्या गावचं. तो चुलीपाशीच बसला आणि वाचायला लागला. फळीचा प्रसंग. हळूहळू पंधरावीस माणसं जमली. मी आजवर बऱ्याच ठिकाणी अभिवाचनं ऐकलीत, हॉलमध्ये, माईकवर, पण असं ऐकणारे लोक मी पाहिले नव्हते, मध्येच बोलत होते, "हां, बराबर", "आमच्या थोरलीचं बी तसंच", एक म्हातारा मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या) नावानं बोलला आणि सगळे हसले. आणि वाचन संपल्यावर चाळिशीची एक बाई म्हणाली, समदं खरं हाये पर एक चुकलंय. पुस्तकात लिहिलं होतं, "आई खाली बघत बघत फळीवर चढली." त्या म्हणाल्या, मोळी घेऊन चढताना बाई खाली बघत नाही. खाली बघितलं की तोल जातो. वर बघायचं, ट्रकच्या फाळक्याकडं.

लेखक गप्प झाला. नंतर गाडीत म्हणाला, मी खाली बसून बघायचो ना ताई, मला वाटायचं ती माझ्याकडंच बघतीय.

त्या रात्री ९ प्रती गेल्या, त्या पण आम्ही शंभराला दिल्या म्हणून. कारण किंमत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तरी टनाला तेव्हा साडेतीनशेच्या थोडं वरच मिळायचे. म्हणजे २५० चं आमचं पुस्तक घ्यायला पाऊण टनाच्या आसपास ऊस तोडून, बांधून, डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायचा. एका माणसानं मागचं पान उलटून किंमत बघितली आणि पुस्तक दोन्ही हातांनी, जपून, परत दिलं. ते मला विसरता येत नाही.

परत आल्यावर मी आणि काका तीन दिवस भांडलो. मला जनआवृत्ती काढायची होती, शंभर सव्वाशेच्या आत. मी म्हटलं अक्षर बारीक करू, १७६ ची १२८ पानं होतील, आठ फर्म्यांत बसवू. काका ऐकेनात. म्हणाले, ज्या माणसानं शाळा चौथीत सोडली, जो दिवसभर उन्हात काम करून चिमणीएवढ्या उजेडात वाचणार आहे, त्याला तू बारीक अक्षर देणार? स्वस्त म्हणून? अक्षर तेवढंच राहणार, दुसरं काय ते कमी कर. मग आम्ही कागद साधा घेतला, मुखपृष्ठ एका रंगात केलं, लॅमिनेशन मात्र ठेवलं कारण कोपीत पुस्तक टिकलं पाहिजे, मलपृष्ठावरचं मान्यवरांचं कौतुक काढून तिथे तोडणीचा एक परिच्छेद टाकला. अक्षरजुळणीचा खर्च पुन्हा नव्हताच. हजार प्रती ५२ रुपयांना पडल्या. किंमत १२०. वितरकाला द्यायचीच नाही असं ठरवलं, कारण साठ रुपये देऊन काही उरत नाही. पैसे कुठून आणले तर माझ्या एफडीतून, ५२ हजार. हा निर्णय धाडसाचा होता की वेडेपणाचा ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि तो चुकला असता तर आमचं पुढचं वर्ष बंद पडलं असतं.

आणि ती ओळ बदलली. पान ६३. "आई वर बघत बघत फळीवर चढली."

त्या वर्षी हंगाम लवकर आटोपला, ऊसच कमी होता, मार्चमध्येच बरेच कारखाने बंद झाले आणि टोळ्या परत यायला लागल्या. जनआवृत्ती एप्रिलच्या शेवटी हातात आली, अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी. दुसरं प्रकाशन असं काही केलं नाही. लेखकाच्या गावच्या देवळापुढं सतरंजी टाकली, लेखकाच्या आईनं पहिली प्रत घेतली (त्यांना वाचता येत नाही, त्यांनी ती डोक्याला लावली), आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ८४ प्रती गेल्या. नगरच्या हॉलमध्ये ३८ गेल्या होत्या.

मग मे आणि जून आम्ही त्यांच्या पंचांगाप्रमाणे चाललो. लग्नसराई असते, माणसं गावात असतात, हातात हिशेबाचे थोडे पैसे असतात, पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घ्यायची बोलणी चालू असतात. आठवडी बाजारात एक स्टुलावर पुस्तकं. किराणा दुकानं, एक सलून, एसटी स्टँडवरचा पेपरवाला, एक झेरॉक्सचं दुकान. प्रत्येकाला प्रतीमागे २० रुपये, रोख, उधारी नाही, विकलं नाही तर परत घेऊ. सगळ्यात जास्त कुणी विकली असतील तर झेरॉक्सवाल्यानं, कारण जूनमध्ये दाखले काढायला प्रत्येक घरातलं पोरगं त्याच्याकडे येतं, आणि ही पोरं शिकलेली आहेत, पुस्तक त्यांनी घेतलं आणि घरी मोठ्यानं वाचलं. आम्ही एका प्रतीला एक वाचक धरला होता पण प्रत्येक प्रतीमागे ऐकणारे चारपाच होते. हे गणित कुठल्या हिशेबात धरायचं ते मला कळत नाही, पण धरायला पाहिजे.

सगळं गोडच झालं असं नाही. एका गावात एका मुकादमानं लेखकाला बाजूला घेऊन सुनावलं, तूही आमच्याच उचलीवर शिकलास म्हणून. त्याच्या वडिलांना पुढच्या हंगामाची उचल तिथून मिळेना, दुसऱ्या टोळीत जावं लागलं. पुस्तकाची किंमत ही अशी पण असते आणि ती प्रकाशकाला नाही, लेखकाच्या घराला द्यावी लागते. मी यासाठी काहीही करू शकले नाही.

करारातही आम्ही उघडे पडलो. जूनमध्ये हिंदी अनुवादाची विचारणा आली तेव्हा मी आमचा करार काढून बघितला, एका पानाचा, कुठून तरी उचललेला नमुना. त्यात मुदत नाही, अनुवादाचं काही नाही, श्राव्य पुस्तकाचं काही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम असं आहे की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरायचा. आणि जे हक्क लिहून दिले नाहीत ते लेखकाचेच राहतात. मी लेखकाला सरळ सांगितलं, अनुवादाचा हक्क तुझा आहे, तू बोल, पैसे तुझे. पुढच्या सगळ्या करारांत आता मुदत, प्रदेश, कुठल्या स्वरूपात काढणार, आणि किती महिन्यांनी हिशेब देणार हे मराठीत, साध्या वाक्यांत लिहितो. नवीन लेखकांनो, करार वाचल्याशिवाय सही करू नका, आमचा सुद्धा.

बाकीच्या दोन पुस्तकांचं थोडक्यात. एसटी ड्रायव्हरच्या पुस्तकाला हाच धडा लावला, डेपोच्या विश्रांतीगृहांत आणि निवृत्तांच्या मेळाव्यांत नेलं, चांगलं चाललं, तिथे तर २०२१-२२ च्या संपाचं प्रकरण लोक उभ्या उभ्या वाचायचे. कवितांना मात्र हा उपाय लागू पडला नाही. मला वाटलं नर्सताईंच्या कविता नर्सेस घेतील, दवाखान्यांत घेऊन गेले, त्यांनी कौतुक केलं, ड्युटीवर पळाल्या. डिजिटल छपाईच्या दोनशे प्रतींतल्या ६० गेल्या. त्या कविता रात्रपाळीच्या आहेत, फार चांगल्या आहेत, आणि त्यांचा वाचक कुठे बसलाय ते मला अजून सापडलेलं नाही. शोधतेय.

दसऱ्यापर्यंतचा हिशेब. पहिल्या आवृत्तीच्या ३३१ प्रती विकल्या (आधीच्या १३२, फडावरच्या ९, आणि उन्हाळ्यानंतर शिक्षक, कॉलेजं, आणि पोस्टानं मागवणारे यांच्या १९० वाढल्या), जमा ६३,५७५, लेखकाचं मानधन ८,२७५ दिलं, राहिले ५५,३००, खर्च होता ५४,६८०. म्हणजे ६२० रुपये वर, आणि १२९ प्रती रॅकवर. जनआवृत्तीच्या ६४० गेल्या, दुकानदाराचे वीस आणि लेखकाचे बारा वजा करून ५६,३२०, म्हणजे छपाईवर ४,३२० जास्त. ते पेट्रोलमध्ये गेले. आमच्या दोघांच्या श्रमाचे यात काहीच धरलेले नाहीत, आणि ते धरले तर आम्ही तोट्यात आहोत, हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगते. पण एफडी परत भरली. आणि लेखकानं दुसऱ्या कादंबरीची तीन प्रकरणं पाठवलीत, यावेळी वहीत लिहून, फोटो काढून.

पान ६३ चं राहिलं. फडावरच्या त्या बाईंचं गाव आम्ही विचारून ठेवलं होतं. मे महिन्यात जनआवृत्तीची प्रत घेऊन गेलो, त्या दारात शेंगा निवडत होत्या, आधी ओळख लागली नाही. लेखकानं पान काढून दिलं, त्यांनी पुतणीला हाक मारली. पुतणीनं ती ओळ वाचली, मग त्यांनी पुन्हा वाचायला लावली, हात शेंगांतच होते.

"आता बराबर चढतीय," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.